बिनजिवांची हजेरी

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गात हजेरी सुरू व्हायची ती चार नावांनी, आणि त्या चौघांपैकी एकालाही जीव नव्हता.

"ऊन?"

"हजर!" सगळा वर्ग एका आवाजात ओरडायचा.

"वारा?"

पोरं खिडकीतून लिंबाच्या शेंड्याकडे बघायची. पान हलत नसलं की म्हणायची, "गैरहजर!"

"पाणी?"

आदल्या संध्याकाळी तळ्यावर जायची ज्यांची पाळी असेल त्या दोघांपैकी एकजण उठायचा. "मॅडम, तळ्यातली मापाची काठी दोन बोटं उघडी पडली."

"माती?"

"भेगाळली, मॅडम."

हे सगळं निळ्या पुठ्ठ्याच्या एका वहीत लिहिलं जायचं आणि मगच खरात मॅडम सरकारी हजेरीपट उघडून अंकुश, अर्चना अशा जित्त्या माणसांकडे वळायच्या. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचे. मधली भिंत अर्धीच होती, त्यामुळे माझ्या वर्गातली पोरंही कवितेच्या मध्येच "हजर!" म्हणून ओरडायची.

शाळा मंठ्यापासून बारा-चौदा किलोमीटरवर. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ती माणसं अजून तिथंच राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात.

खरात मॅडम विज्ञान शिकवायच्या. उंचीनं बेताच्या, आवाज मात्र पार शेवटच्या बाकापर्यंत. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी वाटावेत असे बूट. पर्समध्ये पावडर-कंगव्याऐवजी थर्मामीटर, सुतळीचं बंडल आणि काडेपेट्या. त्या काडेपेट्यांत काय असेल याचा नेम नसायचा. एकदा माझं डोकं दुखत होतं म्हणून गोळी मागितली. त्यांनी न बघता पेटी पुढे केली. उघडली तर आत मेलेली गांधीलमाशी.

"ती न्हाई, ती न्हाई," त्या हसत म्हणाल्या. "ती सातवीची हाय."

एक शब्द त्यांना खपत नसे. मैदानावरून आलेल्या पोराला कुणी "अंगाला घाण लागली" म्हटलं की त्या तिथल्या तिथं थांबायच्या. "माती लागली म्हन. घाण काहून म्हनतो? तुझी भाकर घाणीतून आली का?" मुख्याध्यापकांनाही त्यांनी एकदा असंच दुरुस्त केलं होतं, तेही झेंडावंदनाच्या भाषणात, समोर बसून.

त्यांचं एक वाक्य अख्ख्या गावाला पाठ होतं: "ज्याला जीव न्हाई, त्याच्याच जीवावर हे सगळे जित्ते जगून राह्यले." पुस्तकात जैविक घटक, अजैविक घटक असे शब्द असायचे. ते त्या फळ्यावर नीट लिहायच्या, परीक्षेत तसेच लिहा म्हणायच्या. पण शिकवायच्या मात्र असं. आणि अजैविकाबद्दल बोलताना आदरार्थी बोलायच्या. "आज ऊन लई तापून राह्यलेत." "वारे कालपासून आले न्हाईत." आधी आम्हाला हसू यायचं. नंतर स्टाफरूममध्ये आम्हीही तसंच बोलायला लागलो.

हे कुठून आलं, असं मी एकदा डबा खाताना विचारलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, की त्यांचे वडील खदानीवर दगड फोडायचे. थंडीत घरात अंधार लवकर पडायचा, म्हणून ही पोरगी दिवस मावळताना खदानीतल्या मोठ्या दगडावर बसून अभ्यास करायची. "बाबा म्हनायचे, बस त्याच्यावर. दिवसभर ऊन खाल्लंय त्यानं, आता परत देऊन राह्यला. बारावीपर्यंत मला त्या दगडानं ऊब देली बघा. स्वेटर कुठं व्हता?" एवढंच सांगितलं आणि ठेच्याचा डबा माझ्यापुढे सरकवला. स्वतःच्या गरिबीबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलं ते एवढंच, आणि तेही दगडाचं कौतुक म्हणून.

त्या हजेरीवरून एकदा तपासणीच्या दिवशी गंमत झाली. केंद्रप्रमुख आले होते. त्यांनी वर्गात शिरून टेबलावरची निळी वही उचलली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे ऊन कोण? आडनाव न्हाई, जन्मतारीख न्हाई."

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, पटावरचं न्हाई ते. पण ते एक महिना आले न्हाईत तर पटावरच्या सगळ्यांची नावं कमी करावी लागतील."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. मग वही बंद करून म्हणाले, "मंग त्यांची हजेरी बराबर घेत चला."

आणखी एक प्रसंग शेळीचा. सजीवांच्या संघटनाचे स्तर शिकवायचे होते. मॅडमनी मैदानात फक्कीनं एकात एक मोठी होत जाणारी रिंगणं आखली. सगळ्यात आतल्या छोट्या रिंगणात शिपाईमामांची शेळी बांधली. "ही एक. एकटी. हिला म्हनायचं जीव." दुसऱ्या रिंगणात वस्तीवरच्या आणखी सात-आठ शेळ्या आणवल्या. "हे हिचं गणगोत. सगळ्या शेळ्याच. ही झाली समष्टी." तिसऱ्यात बाभळीची फांदी, गवत, दोन कोंबड्या आणल्या, सगळी पोरं उभी केली आणि शेळीच्या अंगावरचे गोचीडही ह्यातच मोजले. "हे शेजारपाजार. ह्याला समुदाय." चौथ्या रिंगणात पाण्याची बादली, मातीचं घमेलं, एक धोंडा ठेवला आणि आभाळाकडे हात करून म्हणाल्या, "आन् हे आले, म्हनून ही झाली परिसंस्था. ह्यांच्याबिगर आतली तिन्ही रिंगणं मोकळी."

एवढ्यात पहिल्या रिंगणातल्या शेळीनं दावं तोडलं. ती चारही रिंगणं ओलांडून थेट गेली ती आदल्याच दिवशी पाहुण्यांच्या हस्ते लावलेल्या रोपांकडे. आम्ही धावेपर्यंत पाचपैकी तीन रोपं संपली होती. मुख्याध्यापक डोक्याला हात लावून उभे. मॅडम पोरांना म्हणाल्या, "बघा, चालू झाली! मी नुसती आखली व्हती." मग स्वतःच्या खर्चानं तीन रोपं आणून लावली आणि शेळीचं दावंही नवं घेतलं.

आतापर्यंत सांगितलं ते हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसायचोही. ती निळी वही म्हणजे मॅडमचा छंद, असंच मी धरून चालले होते. भादव्यातल्या एका सकाळपर्यंत.

गावाला एक पाझर तलाव आहे, सगळे त्याला तळंच म्हणतात. त्यात मासे सोडायचा ठेका गणपतकडे होता. गणपत तिशीचा, बोलायला गोड, मेहनती. त्या वर्षी त्यानं कटला आणि रोहूचं बीज भरपूर सोडलं होतं. मासे चांगले वीतभर झाले होते. त्या सकाळी शाळेत येताना बघितलं तर सगळं गाव बांधावर. काठाला पांढऱ्या पोटांचा सडा पडलेला. मासे मेले होते, शेकड्यांनी. गणपत गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेक उचलत होता आणि परत टाकत होता, जणू एखादा तरी हलेल.

बांधाच्या वरच्या अंगाला सत्यभामाचं दीड एकर कापसाचं रान. सत्यभामा बौद्ध वस्तीतली, नवरा वारलेला, एकटी रान करायची. आदल्या दुपारी तिनं कापसावर फवारणी केली होती आणि पंप तळ्याच्या काठाला धुतला होता. तिला धुताना दोघांनी बघितलं होतं. तिनंही नाकारलं नाही.

"धुतला. दोन तांबे पानी टाकलं असंल. सगळेच धुतात," ती म्हणत होती. तिच्या हातात अजून खुरपं होतं, रानातूनच बोलावून आणलेली.

"सगळे धुतात, मंग मासे आजच काहून मेले?"

"ईख टाकलं हिनं!"

"गाडी बोलवा. ठाण्यात जाऊन सांगू दे."

कुणीतरी तिच्या हातातलं खुरपं हिसकावून घेतलं. गर्दी तिच्या भोवतीनं जवळ येत चालली होती. त्यात माझे चुलतसासरेही पुढच्या ओळीत होते. मी बायकांच्या मागे उभी होते.

तेवढ्यात मॅडमची स्कूटी आली. त्या उतरल्या, बूट काढले, साडी वर खोचली आणि कुणाशी काही न बोलता पाण्यात शिरल्या. त्यांनी पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला. काठाकाठानं वाकून बघत चालल्या. मग एका पोराला हाक मारून शाळेतून निळी वही आणायला पाठवलं.

गर्दीतून कुणीतरी हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणालं, "मॅडम बी तिच्याच वस्तीतल्या ना. बाजू घेनारच."

मॅडमनी ते ऐकलं. चेहरा एकदम लाल झाला. मला वाटलं, आता भडकणार. पण त्या त्या आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाल्या, "मी कुणाची हाय ते ऱ्हाऊ द्या. मेलेले मासे तर कुणाच्या वस्तीचे न्हाईत? मंग त्यांनाच इचारू."

आणि त्यांनी गणपतला बोलावलं. "गणपत, कोण मेलं आन् कोण जित्तं हाय, ते तू सांग. तुझ्याइतकं कुणाला कळत न्हाई."

"कटला समदा गेला, मॅडम. रोहू गेला."

"मरळ?"

गणपतनं इकडंतिकडं बघितलं. "मरळ... मरळ दिसला न्हाई मेलेला."

"मांगूर?"

"त्यो बी न्हाई."

मॅडमनी काठाजवळच्या पाण्याकडे बोट केलं. पाण्यावर चकरा मारणारे बारके काळे किडे नेहमीसारखे गरगर फिरत होते. एक बेडूक डुबकन आत गेला. "कापसावर मारतात ते औषध कशासाठी असतं? किड्यासाठी. इखानं मासा मरतो, मान्य. पण त्याच्या आधी हे किडे मराया पायजेत. हे तर नाचून राह्यले. आन् मरळ-मांगूर काहून जगले? ते वर येऊन आपल्यासारखी हवा घेतात. मेले ते पाण्यातल्या हवेवर जगणारे. म्हंजे पाण्यात ईख न्हाई आलं. पाण्यातली हवा सरली."

"पाण्यातली हवा कशी सरंल?" माझे चुलतसासरे म्हणाले.

वही आली होती. मॅडमचे हात ओले होते, म्हणून त्यांनी ती मला धरायला लावली. मी त्यांच्या बाजूला उभी राहिले. पोरांच्या वेड्यावाकड्या अक्षरातलं त्या मोठ्यानं वाचू लागल्या.

"सोमवार. ऊन गैरहजर. वारा गैरहजर. पाणी लई हिरवं, ताटली एक वीत खाली सोडली की दिसत न्हाई. मंगळवार. ऊन गैरहजर, वारा गैरहजर. बुधवार. तेच. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करून राह्यले." त्या थांबल्या. "हे हिरवं हाय ना, ते दिवसा उन्हावर हवा तयार करतं आन् रात्री तीच हवा सवताच ओढून घेतं. तीन दिवस ऊन न्हाई म्हंजे नवी हवा न्हाई. वारा न्हाई म्हंजे वरून मिसळणार न्हाई. पहाटेला पाणी पार रिकामं झालं. मोठे मासे आधी गेले, त्यांना जास्ती लागती."

तीन दिवस गावात पान हललं नव्हतं, उकाड्यानं सगळे हैराण होते; ते सगळ्यांनाच आठवत होतं.

"माझं खरं मानू नका," त्या पोलीसपाटलांना म्हणाल्या. "बाटली भरा, तपासाया पाठवा. पण तवर हिच्या अंगाला कुणी हात लावायचा न्हाई." मग सत्यभामाकडे वळून तितक्याच मोठ्यानं, "आन् तू गं. पंप तळ्यात धुतला हे बिलकुल चांगलं न्हाई केलं. आज तुझ्यामुळं मेले न्हाईत. उद्या मरतील. ज्यानं ज्यानं धुतला त्या सगळ्यांना सांगून राह्यले." बऱ्याच जणांनी खाली बघितलं.

खुरपं सत्यभामाला परत मिळालं. ती रानाकडे गेली, मागे न बघता.

पण एक गोष्ट मॅडमखेरीज फक्त मला दिसली होती, कारण वही माझ्या हातात होती. सोमवारच्या आधीच्या पानावर एका पोरानं लिहिलं होतं: आज गणपतकाकानं तळ्यात कोंबडखताचे दोन टेम्पो रिकामे केले. मॅडमनी ते पान बघितलं होतं. त्यांचं बोट त्या ओळीवर क्षणभर थांबलं, आणि मग त्यांनी पुढचं पान उलटलं.

शाळेकडे जाताना मी विचारलं, "ते खताचं काहून नाही वाचलं? त्या खतानंच पाणी हिरवं झालं ना?"

"व्हय. मासे जल्दी वाढावेत म्हनून टाकलं त्यानं."

"मग? सत्यभामाला गाडीत घालायला निघाले होते, आणि ज्यानं केलं तो तसाच..."

"सत्यभामाला सोडवाया तेवढं पुरलं, बाई." त्या चालत राहिल्या. "गर्दीच्या हातून एक नाव काढून घेतलं की तिला लगेच दुसरं पायजे असतं. मी गणपतचं नाव देलं असतं तर खुरपं त्याच्यावर गेलं असतं. त्याला एकट्याला सांगते."

मी म्हटलं, "मला पण काही बोलायला पाहिजे होतं आज."

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि तिच्यावरचं पाणी पदरानं पुसलं.

शाळा सुटल्यावर त्या गणपतच्या घरी गेल्या. काय बोलणं झालं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी, नळाला पाणी आलेलं, वस्तीतल्या सगळ्या बाया हंडे घेऊन उभ्या, तेव्हा गणपत सत्यभामाच्या दारापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, चूक माझी व्हती. खत मी टाकलं. तुमच्यावर आळ आला त्यो माझा व्हता."

सत्यभामानं भरलेला हंडा खाली ठेवला. "मंग तवा काहून न्हाई बोलला?"

"मला तवा म्हाईतच नव्हतं, मावशी. देवाशपथ. मॅडमनी सांगितलं."

तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली. मग म्हणाली, "चल, हंडा उचलून दे डोक्यावर." त्यानं उचलून दिला. गावात त्यावर वर्षभर चर्चा झाली. कुणी म्हणालं सुटला लेकाचा, कुणी म्हणालं छातीचा आहे. बाटलीच्या तपासणीचा कागद आला तेव्हा कुणाला त्याची आठवणही नव्हती. ईख नव्हतं.

पुढच्या वर्षी मासे सोडायच्या आधी गणपत आमच्या शाळेत आला. आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर गुडघे मुडपून बसला आणि किती पाण्यात किती मासे राहतात ते दोन दिवस शिकून गेला. मॅडमनी त्यालाही उभं करून प्रश्न विचारले. एक चुकला, तर पोरांइतकंच रागावल्या.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी त्यांची बदली झाली, गोदाकाठच्या एका शाळेत, शहागडच्या बाजूला. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण करायला नकार दिला. मी दोन शब्द बोलायला उभी राहिले आणि रडले. त्या खालून म्हणाल्या, "ह्यांना पाणी द्या कुणीतरी," आणि सगळे हसले. नंतर फोन व्हायचे, आधी दर आठवड्याला, मग सणासुदीला. जसं होतं तसं.

शेवटचं त्यांना बघितलं ते गेल्या हिवाळ्यात. मी बीडला भाचीच्या लग्नाला निघाले होते. शहागडच्या पुलावर उसाची एक ट्रॉली बंद पडली होती आणि बस मध्येच थांबलेली. मी खिडकीतून खाली बघितलं. गोदावरीचं पाणी ओसरलेलं, वाळूचा मोठा पट्टा उघडा, आणि त्यावर पोरांचा एक घोळका. मधोमध एक ठेंगणी बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाण्यात वाकलेली. तोंड दिसत नव्हतं. पण अशी वाकणारी बाई मी दुसरी बघितलेली नाही.

"खरात मॅडम!" मी ओरडले. बाजूला ट्रकांचे भोंगे चालू होते. त्यांना ऐकू गेलं नाही. बसमधले लोक माझ्याकडे बघायला लागले. मला संकोच वाटला, आणि मी खाली बसले.

मग पुन्हा उठले. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरात हाक मारली.

त्या सरळ झाल्या. डोळ्यांवर हात धरून पुलाकडे बघू लागल्या. पुलावर गाड्यांची रांगच रांग. कुठल्या खिडकीतून कुणी हाक मारली, ते त्यांना कळलं नसावं. इकडून तिकडे एकेक गाडी बघत गेल्या. मग त्यांनी ते शोधणं सोडून दिलं आणि दोन्ही हात उंच करून अख्ख्या पुलालाच हात केला. बस हलली. मी हात हलवत होते. माझ्या मागच्या बाकावरचे एक म्हातारे, पुढची लेकुरवाळी बाई आणि दाराशी उभा असलेला कंडक्टर, ज्यांची आणि त्यांची काही ओळख नव्हती, तेही हात हलवत होते.